फोल्डर दिसतो, आत काहीच नाही: पोटफाइलसिस्टिम जुन्या-नव्या मशिनींना वाटून देताना

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रात्रभर पाऊस, आणि पहाटेपर्यंत वीज तीनदा गेली-आली. दुसऱ्या दिवशी काम नेहमीसारखं सुरू झालं, म्हणून मीही निर्धास्त होतो. तीन दिवसांनी एका वेगळ्याच कारणासाठी मी आमच्या कारखान्याचा फाइल सर्व्हर बंद करून चालू केला आणि तासाभरात तपासणी खात्यातला खानापूरचा पोरगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "काका, जुने रिपोर्ट समदे हायत की ओ, पण परवाचे आणि कालचे न्हाईत. मापं गेली वाटतंय."

विचारपूस केल्यावर उलगडा झाला. वीज गेल्याच्या सकाळी त्यांना 'तपासणी' फोल्डर रिकामा दिसला होता. कुणीतरी जुने रिपोर्ट दुसरीकडे हलवले असतील असं समजून त्यांनी त्यातच नवे फोल्डर केले आणि दोन दिवसांची मापं तिथं साठवली. आता जुनं सगळं परत आलं होतं आणि नवं नाहीसं झालं होतं. संध्याकाळी कास्टिंगचा लॉट निघायचा होता आणि सोबतचे तपासणी रिपोर्ट हातात नव्हते.

ते रिपोर्ट सापडले, कसे ते पुढे येईलच. पण त्या दिवसापासून एका फाइलसिस्टिमच्या (डिस्कवरच्या फाइलींच्या स्वतंत्र साठ्याच्या) पोटात दुसरी माउंट केलेली (फोल्डरासारखी जोडलेली) असेल तर ती नेटवर्कवर कशी द्यायची, याची एक रीत मी पक्की केली. फाउंड्री, मशिन शॉप, छापखाना, कॉलेजची लॅब, कुठंही एक लिनक्स सर्व्हर आणि दहा-पंधरा वेगवेगळ्या वयाच्या मशिनी असतील तिथं ती उपयोगी पडेल.

एक खुलासा आधीच करतो. इथल्या कमांडी, पर्याय आणि फाइलींची नावं मी आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच टाइप करायची. जिथं स्पेलिंगमध्ये घोटाळा होऊ शकतो तिथं अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

आधी दुखणं कुठं आहे ते पाहू

आमच्या सर्व्हरवर '/डेटा' ही मुख्य फाइलसिस्टिम आहे. तिच्या पोटात '/डेटा/डिझाइन', '/डेटा/पॅटर्न', '/डेटा/सिम्युलेशन' आणि '/डेटा/तपासणी' अशा चार वेगळ्या फाइलसिस्टिम माउंट होतात. त्यांना मी पोटफाइलसिस्टिम म्हणतो. असं करण्यामागं कारण आहे. सिम्युलेशनवाले एका कास्टिंगच्या मागं शेकडो जीबी लिहून ठेवतात. त्यांची जागा भरली तर त्यांचंच काम अडावं, तपासणीचं अडू नये. शिवाय तपासणीचे रिपोर्ट ग्राहकासाठी वर्षानुवर्षं जपावे लागतात, म्हणून ते वेगळ्या डिस्कवर.

सर्व्हरवर बसून पाहिलं तर हे सगळं एकच झाड दिसतं. नेटवर्कवरून मात्र तसं असेलच असं नाही. माउंट करणं म्हणजे जमिनीवर सतरंजी अंथरणं. खालची जमीन कुठं जात नाही, नुसती झाकली जाते. '/डेटा/तपासणी' या नावाचा एक साधा रिकामा फोल्डर मुख्य फाइलसिस्टिमवर कायमच असतो आणि तपासणीची डिस्क त्याच्यावर अंथरलेली असते. सर्व्हरवरच्या माणसाला सतरंजी दिसते. एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून फाइलसिस्टिम वाटून द्यायची पद्धत; तिच्या जुन्या रीतीनं आलेल्या क्लायंटला (फाइली मागणाऱ्या मशिनीला) मात्र खालची जमीन दिसते. त्याला फोल्डर दिसतो, तो उघडतोही, पण आत काही नसतं. एररही येत नाही, आणि खरा धोका तोच आहे.

जुन्या-नव्या रीतींत फरक का पडला, तेही थोडक्यात सांगतो. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये आणलं. आज वापरात असलेलं सगळ्यात जुनं रूप म्हणजे व्हर्जन ३, त्याचं तपशीलपत्रक १९९५ चं. व्हर्जन ४ पहिल्यांदा २००० मध्ये आलं आणि २००३ मध्ये सुधारलं. ४.१ हे २०१० चं, ४.२ हे २०१६ चं.

व्हर्जन ३ मध्ये क्लायंट आधी माउंटडी नावाच्या वेगळ्या सेवेला विचारतो, "मला /डेटा पाहिजे." ती त्याला त्या फाइलसिस्टिमची एक खूण देते आणि पुढचा सगळा प्रवास त्या खुणेवरून होतो. ती खूण '/डेटा'ची, त्यामुळे सर्व्हर त्याला '/डेटा'च्या हद्दीबाहेर नेत नाही. व्हर्जन ४ मध्ये माउंटडीशी क्लायंटचं बोलणंच नाही. एक्सपोर्ट केलेल्या (नेटवर्कवर खुल्या केलेल्या) सगळ्या जागा सर्व्हर एकाच झाडात गुंफून दाखवतो. क्लायंट एका फोल्डरात शिरला आणि तिथला फाइलसिस्टिमचा ओळखक्रमांक बदललेला दिसला, तर तो स्वतःहून तिथं एक छोटा माउंट करतो. सोलारिसवाले (सनची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारे) याला मिरर माउंट म्हणत.

एवढं कळलं की सारं कोडं सुटतं. एकाच सर्व्हरवर एका मशिनीला सगळं दिसतं आणि शेजारच्या मशिनीला फोल्डर रिकामा दिसतो, तेव्हा सर्व्हर बिघडलेला नसतो. दोन मशिनी दोन वेगळ्या भाषा बोलत असतात.

पहिली पायरी: कोण कोणत्या व्हर्जनवर बोलतंय त्याची यादी करा

हे काम कंटाळवाणं आहे. तरीही ते टाळू नका. मी एक वही घेऊन खात्याखात्यातून फिरलो, प्रत्येक मशिनीसमोर बसलो आणि 'एनएफएसस्टॅट -एम' चालवली. तिच्या उत्तरात 'व्हर्स=' असा शब्द येतो, त्यापुढचा आकडा खरा. एफस्टॅबमध्ये (मशिन सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलीत) काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. लिनक्स क्लायंट आधी वरचं व्हर्जन मागतो आणि ते मिळालं नाही तर गपगुमान खाली उतरतो. आमच्या एका नव्या कोऱ्या वर्कस्टेशनवर फायरवॉलच्या गोंधळात व्हर्जन ३ लागलेलं निघालं. डिझाइनवाला दोन आठवडे "पॅटर्न फोल्डर रिकामा आहे" म्हणत होता आणि मी त्याला लॉग-इन पुन्हा कर म्हणत होतो. चूक माझी होती.

सर्व्हर कोणकोणती व्हर्जनं देतोय ते '/प्रॉक/एफएस/एनएफएसडी/व्हर्जन्स' ही फाइल वाचून कळतं. अधिक चिन्ह असेल ते चालू, वजा असेल ते बंद.

आमची यादी अशी झाली. डिझाइन आणि सिम्युलेशनची सहा उबुंटू मशिनी व्हर्जन ४.२ वर. माप घेणाऱ्या यंत्राला जोडलेला सेंटओएस ६ (एक जुनं लिनक्स) चा एक संगणक, जो यंत्राच्या सॉफ्टवेअरमुळे बदलता येत नाही, तो ३ वर. ऑफिसातले चार विंडोज. आणि मालकांच्या मुलाचा मॅक. जवळपास प्रत्येक कारखान्यात अशीच खिचडी असते.

सेंटओएस ६ चा आधार (अपडेट मिळणं) ३० नोव्हेंबर २०२० रोजीच संपला. पण अठरा-वीस लाखांच्या यंत्राला जोडलेला संगणक आधार संपला म्हणून कुणी फेकत नाही. त्याला इंटरनेटपासून तोडून ठेवा आणि फाइलींपुरता नीट जोडा, एवढंच आपल्या हातात आहे.

दुसरी पायरी: सर्व्हरवरचं झाड तपासा

'फाइंडमाउंट -आर /डेटा' अशी कमांड द्या (फाइंडनंतर एम-एन-टी, मोठा आर). '/डेटा'च्या पोटात काय काय माउंट आहे ते फांद्यांसकट दिसेल. ते कागदावर उतरवा. इथं बहुतेकांना एखादी विसरलेली फांदी सापडते. आम्हाला '/डेटा/पॅटर्न'च्या पोटात एका जुन्या कंत्राटी कामासाठी माउंट केलेली आणखी एक डिस्क सापडली.

माउंट होण्याच्या फोल्डरांची नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवा. आतल्या फाइलींची नावं मराठीत, कन्नडात असायला हरकत नाही. आमच्याकडं दोन्ही आहेत, एनएफएसला त्यानं काही होत नाही. तो नाव म्हणजे नुसते बाइट समजून इकडून तिकडं नेतो.

तिसरी पायरी: एक्सपोर्ट्स फाइल, आणि प्रत्येक पोराचं नाव

सगळ्या लेखात माझं ठाम मत हे एकच आहे: प्रत्येक पोटफाइलसिस्टिम एक्सपोर्ट्समध्ये नावानिशी लिहा.

बहुतेक ठिकाणी सोपा उपाय सांगतात, मुख्य फाइलसिस्टिमच्या ओळीत 'क्रॉसमाउंट' टाका (क्रॉस, मग एम-एन-टी). तो पर्याय चालतो. तो टाकला की पोटातलं सगळं आपोआप त्याच अटींवर बाहेर दिसू लागतं. नव्या लिनक्स क्लायंटना व्हर्जन ३ वरसुद्धा ते दिसतं, कारण ओळखक्रमांक बदलल्याचं त्यांना समजतं. पण आपोआप म्हणजे खरोखरच आपोआप. क्रॉसमाउंट लावल्यावर पोटातलं एखादं पोर वगळायची सोय राहत नाही. एका दुपारी मी बॅकअपची यूएसबी डिस्क घाईत '/डेटा/तात्पुरतं'वर माउंट केली. तासाभरात ती कारखान्यातल्या सगळ्या मशिनींवर लिहिण्याच्या हक्कासकट दिसत होती. पगारपत्रकं त्याच डिस्कवर होती. तेव्हापासून क्रॉसमाउंट काढला आणि बाहेरच्या डिस्क '/एमएनटी'खालीच माउंट करायच्या असा नियम केला.

व्हर्जन ४ ला क्रॉसमाउंटची गरजही नसते. जे जे एक्सपोर्ट केलेलं आहे ते त्याला झाडात जागच्या जागी दिसतंच, ते काही लपवत नाही. 'नोहाइड' नावाचा आणखी एक जुना पर्याय आहे, तो व्हर्जन ३ साठी आणि एकेकट्या मशिनीच्या नावानं दिला तरच भरवशाचा. मी तो वापरत नाही.

आमची '/ईटीसी/एक्सपोर्ट्स' अशी आहे:

/डेटा १९२.१६८.१.०/२४(आरओ,सिंक,नो_सबट्री_चेक)

/डेटा/डिझाइन १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,एमपी)

/डेटा/पॅटर्न १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,एमपी)

/डेटा/सिम्युलेशन १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,एमपी)

/डेटा/तपासणी १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,एमपी) १९२.१६८.१.४५(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,एमपी,ऑल_स्क्वॅश,अनॉनयूआयडी=१००५,अनॉनजीआयडी=१००५)

पत्ता आणि कंस यांच्यात जागा सोडू नका. जागा सुटली तर कंसातले हक्क त्या पत्त्याला न मिळता साऱ्या जगाला मिळतात. एवढ्याशा मोकळ्या जागेनं अनेकांचे सर्व्हर उघडे पडले आहेत.

मुख्य '/डेटा' मी 'आरओ', म्हणजे फक्त वाचण्यापुरता दिला आहे. तिथं कुणी थेट काही ठेवायचंच नाही, चार पोटफाइलसिस्टिम आहेतच. याचा मोठा फायदा असा की एखादी डिस्क माउंट झाली नाही आणि क्लायंट सतरंजीखालच्या जमिनीवर पोचला, तरी त्याला तिथं लिहिता येत नाही. लगेच एरर येते, माणूस ओरडत येतो. रिकाम्या फोल्डरात दोन दिवस काम करण्यापेक्षा ते हजारपट बरं.

'एमपी' म्हणजे माउंटपॉइंट. ही जागा खरोखर माउंट झालेली असेल तरच एक्सपोर्ट करा, नाहीतर करू नका, असं तो सर्व्हरला सांगतो. डिस्क बिघडली, फाइलसिस्टिमची तपासणी लांबली, केबल सैल झाली, अशा वेळी खालचा रिकामा फोल्डर चुकून बाहेर जात नाही.

शेवटच्या ओळीतला १९२.१६८.१.४५ हा मापयंत्राचा संगणक. एका मशिनीचं नाव आणि संपूर्ण नेटवर्क असं दोन्ही लिहिलं असेल तर त्या मशिनीला तिच्या नावाचे नियम लागतात, त्यामुळे बाकीच्यांना धक्का लागत नाही. तिथं 'ऑल_स्क्वॅश' का लागलं ते पाचव्या पायरीत सांगतो.

जुन्या मार्गदर्शकांत '/डेटा'पुढं 'एफएसआयडी=०' लिहायला सांगितलेलं असतं. ते असेल तर काढा. त्या पर्यायानं '/डेटा' हे व्हर्जन ४ च्या झाडाचं मूळ बनतं. मग व्हर्जन ४ चा क्लायंट 'सर्व्हर:/' मागतो आणि व्हर्जन ३ चा 'सर्व्हर:/डेटा'. एकच जागा, दोन पत्ते. मिश्र मशिनी असतील तिथं यानं डोकं फिरतं. आजचे सर्व्हर ते मूळ स्वतःच तयार करतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. काढल्यावर नव्या मशिनींच्या एफस्टॅबमधला पत्ता मात्र बदलावा लागेल. शून्याव्यतिरिक्त इतर आकड्यांची गोष्ट वेगळी: ज्या फाइलसिस्टिमला स्वतःचा यूयूआयडी (कायमचा ओळखक्रमांक) नाही, उदाहरणार्थ फ्यूजवर (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमवर) चालणाऱ्या, त्यांना 'एफएसआयडी' द्यावाच लागतो, आणि प्रत्येकीला वेगळा.

फाइल साठवली की 'एक्सपोर्टएफएस -आरए', आणि मग 'एक्सपोर्टएफएस -व्ही' करून प्रत्यक्ष काय लागू झालं ते डोळ्यांनी पाहा. 'शोमाउंट -ई' या कमांडीवर एकटीवर भरवसा ठेवू नका. ती माउंटडीला विचारते, म्हणजे व्हर्जन ३ च्या नजरेतून बोलते. फक्त व्हर्जन ४ देणाऱ्या सर्व्हरवर ती काहीच सांगत नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

झेडएफएस नावाची फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांसाठी: तिथं प्रत्येक डेटासेट ही वेगळी फाइलसिस्टिमच असते, त्यामुळे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून येतो. 'शेअरएनएफएस' हा गुण आईकडून मुलांकडे वारशानं जातो, म्हणजे नवा डेटासेट केला की त्याचा एक्सपोर्ट आपोआप होतो. लिनक्सवर नुसतं 'ऑन' लिहिलंत तर त्यात क्रॉसमाउंट आधीच धरलेला असतो आणि दार सगळ्यांना उघडं असतं, म्हणून नेटवर्कचा पत्ता घालूनच लिहा. कॉलेजात दोनशे विद्यार्थ्यांची दोनशे घरं असतील तर ही सोय फार चांगली. तिथं प्रत्येकाचं नाव हातानं लिहायचा हट्ट मीही धरणार नाही. फक्त एकच डेटासेट 'शेअरएनएफएस'मध्ये आणि एक्सपोर्ट्स फाइलमध्ये असा दोन्हीकडं लिहू नका.

चौथी पायरी: सतरंजीखालची जमीन बंद करा

एखादी सेवा सर्व्हरवरच चालत असेल, किंवा मीच घाईत काही कॉपी केलं, तर 'आरओ' आणि 'एमपी' मला वाचवणार नाहीत. म्हणून खालचे रिकामे फोल्डरच लिहिण्यापलीकडचे करायचे.

सगळ्यांना सांगून काम थांबवा. पोटफाइलसिस्टिमचा एक्सपोर्ट काढून ती अनमाउंट करा. उघडा पडलेला '/डेटा/तपासणी' खरंच रिकामा आहे ना ते पाहा. मग रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून 'सीएचएटीटीआर +आय /डेटा/तपासणी' द्या. आता त्यात रूटलासुद्धा फाइल करता येणार नाही, पण त्याच्यावर माउंट मात्र होतं. परत माउंट केलं की सगळं पूर्ववत. चारही फोल्डरांचं हे काम दहा मिनिटांचं आहे आणि एकदाच करायचं आहे.

आमची हरवलेली मापं याच जमिनीवर होती. काम न थांबवता खाली डोकावायचं असेल तर एक युक्ती आहे: '/एमएनटी/खाली' असा फोल्डर करा आणि 'माउंट --बाइंड /डेटा /एमएनटी/खाली' द्या. साधा बाइंड फक्त मुख्य फाइलसिस्टिमच दाखवतो, वर अंथरलेल्या पोटफाइलसिस्टिम सोबत आणत नाही. तिथं '/एमएनटी/खाली/तपासणी' उघडलं आणि दोन दिवसांचे सगळे रिपोर्ट जसेच्या तसे होते. ते खऱ्या जागी कॉपी केले, आकडे जुळवले, मग खालचे पुसले. लॉट वेळेवर गेला. तुमच्या सर्व्हरवरही आज एकदा असं डोकावून पाहा. जागा कुठं गेली हे न कळणाऱ्या कित्येक जीबींचा पत्ता तिथं लागतो.

सिस्टिमडी (सेवा क्रमानं सुरू करणारी व्यवस्था) असलेल्या नव्या सर्व्हरवर एक्सपोर्ट्समध्ये नाव असलेल्या जागा आधी माउंट व्हाव्यात आणि मग एनएफएस सुरू व्हावं असा क्रम आपोआप लावला जातो. पण तो क्रम नाव लिहिलेल्यांचाच. क्रॉसमाउंटच्या भरवशावर सोडलेल्या पोरांसाठी कुणी थांबत नाही. पावसाळ्यात वीज येते-जाते तेव्हा नेमकी हीच शर्यत हरायची वेळ येते.

पाचवी पायरी: क्लायंट, ज्याची जशी भाषा

नव्या लिनक्स मशिनींना संपूर्ण झाड द्या, एका ओळीत. एफस्टॅबमध्ये:

सर्व्हर:/डेटा /डेटा एनएफएस व्हर्स=४.२,हार्ड,_नेटडेव्ह ० ०

'व्हर्स=४.२' मुद्दाम लिहायचं. मग क्लायंट गुपचूप ३ वर उतरत नाही. ४.२ मिळालं नाही तर माउंटच होत नाही आणि कारण शोधता येतं. 'सॉफ्ट' हा पर्याय ज्या जागी लिहिलं जातं तिथं टाळा. सर्व्हर क्षणभर अडकला तर सॉफ्टमध्ये लिहिणं अर्धवट सुटतं आणि फाइल बिघडू शकते.

इथं एक गोष्ट पाहून लोक दचकतात. माउंट केल्या केल्या 'डीएफ' (माउंट आणि मोकळी जागा दाखवणारी कमांड) केलं तर फक्त '/डेटा' दिसतो. 'सीडी /डेटा/तपासणी' करून आत गेलं की मग ती ओळ उगवते, आणि काही मिनिटं कुणी फिरकलं नाही की परत जाते. हे बरोबरच आहे. क्लायंट गरजेपुरता माउंट करतो आणि वापर नसेल तर सोडून देतो.

जुन्या व्हर्जन ३ च्या मशिनीला झाड देऊच नका. तिला लागते तेवढी फांदीच थेट द्या. मापयंत्राच्या संगणकाला डिझाइन, पॅटर्न यांच्याशी काय करायचंय? त्याला रिपोर्ट लिहायला एक जागा पाहिजे:

सर्व्हर:/डेटा/तपासणी /तपासणी एनएफएस व्हर्स=३,टीसीपी,हार्ड,बीजी,_नेटडेव्ह ० ०

थेट फांदी माउंट केली की हद्द ओलांडायचा प्रश्नच उरत नाही, कारण त्याला मिळणारी खूण त्या पोटफाइलसिस्टिमचीच असते. 'बीजी'मुळे सर्व्हर उशिरा उठला तरी क्लायंट मागं प्रयत्न करत राहतो. या संगणकावरच्या रिकाम्या '/तपासणी' फोल्डरलाही चौथ्या पायरीतला 'सीएचएटीटीआर' लावा. नाहीतर सर्व्हर बंद असताना तिथले रिपोर्ट त्याच्याच डिस्कवर साठतात आणि माउंट झाल्यावर झाकले जातात. दुखणं तेच, फक्त दुसऱ्या टोकाला. व्हर्जन ३ वर एकाहून अधिक फांद्या एकमेकींच्या पोटात माउंट करायच्याच असतील तर एफस्टॅबमध्ये आई आधी आणि मूल नंतर. उलटं झालं तर आई मुलाला झाकून टाकते.

आता ऑल_स्क्वॅश. व्हर्जन ३ फाइलच्या मालकाचा नुसता आकडा पाठवतं. सेंटओएस ६ वर पहिला साधा वापरकर्ता ५०० पासून सुरू होतो, नव्या वितरणांत १००० पासून. त्यामुळे मापयंत्रावरून आलेली प्रत्येक फाइल नव्या मशिनींवर '५००' नावाच्या कुणा अनोळख्याची दिसायची आणि डिझाइनवाल्यांना ती बदलता येत नसे. यंत्राच्या सॉफ्टवेअरला हात न लावता सुटका करायची म्हणून सर्व्हरलाच सांगितलं: या मशिनीवरून कुणीही लिहो, मालक १००५ समज. १००५ हा सर्व्हरवरचा 'तपासणी' नावाचा वापरकर्ता. प्रत्येक पोटफाइलसिस्टिमच्या मुळाला स्वतःचे मालक-हक्क असतात, म्हणून 'सीएचओन' (मालक बदलण्याची कमांड) ही माउंट झाल्यानंतर करा. आधी केली तर ती खालच्या जमिनीला लागते.

व्हर्जन ४ वर सगळ्या फाइलींचा मालक 'नोबडी' दिसला तर सर्व्हर आणि क्लायंट दोन्हींवरच्या '/ईटीसी/आयडीमॅपडी.कॉन्फ'मधलं 'डोमेन' एकच आहे का ते पाहा.

विंडोजला एनएफएस देऊ नका, असं माझं स्पष्ट सांगणं आहे. त्यातला मूळचा एनएफएस क्लायंट व्हर्जन ३ च्या पुढं गेलेला नाही, आणि मराठी-कन्नड नावांच्या फाइली तिथं बऱ्याचदा चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. त्याच सर्व्हरवर सांबा (विंडोजच्या रीतीनं फाइली वाटणारं सॉफ्टवेअर) बसवा. सांबा सर्व्हरवरच्याच नजरेनं झाड वाचतो, त्यामुळे पोटफाइलसिस्टिमचा प्रश्न तिथं येतच नाही. नावंही नीट दिसतात. फक्त मोकळी जागा दाखवताना विंडोज शेअरच्या मुळाची जागा दाखवतं. ऑफिसातून "डिस्क भरली" असा फोन आला तर आधी कोणती डिस्क ते विचारा. आम्ही शेवटी प्रत्येक पोटफाइलसिस्टिमचा वेगळा सांबा शेअर केला. आकडे खरे दिसू लागले.

मॅक सांगितल्याशिवाय व्हर्जन ३ वर जातो, शिवाय वरच्या क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतो. त्यामुळे सर्व्हर त्याला परवानगी नाकारतो. मॅकवर 'रेसव्हीपोर्ट' पर्याय देऊन माउंट केलं की काम होतं. नुसतं वाचायचं असेल तर त्यालाही सांबाच द्या.

फायरवॉल: व्हर्जन ४ ला टीसीपीचं २०४९ हे एकच पोर्ट पुरतं. व्हर्जन ३ ला त्याशिवाय १११ आणि माउंटडीचं पोर्ट लागतं, आणि फाइल-लॉक हवे असतील तर आणखी दोन सेवांची. ही पोर्ट '/ईटीसी/एनएफएस.कॉन्फ'मध्ये पक्की करून ठेवा, नाहीतर सर्व्हर चालू-बंद झाला की ती बदलू शकतात. आमच्याकडं व्हर्जन ३ ची दारं फक्त त्या एका मापयंत्राच्या पत्त्याला उघडी आहेत.

सहावी पायरी: हद्दी आहेत हे वापरणाऱ्यांनाही सांगा

झाड एक दिसलं तरी आतल्या भिंती तशाच असतात. डिझाइनवाल्यानं चाळीस जीबीचा फोल्डर 'डिझाइन'मधून 'पॅटर्न'मध्ये ओढला की त्याला वाटतं क्षणात होईल. होत नाही, कारण ती दुसरी फाइलसिस्टिम आहे. आख्खी कॉपी होते, मग मूळ पुसलं जातं, आणि तेही नेटवर्कवरून. असं मोठं काम असेल तर मला सांगा, मी सर्व्हरवरच बसून करतो, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. दोन पोटफाइलसिस्टिममध्ये हार्ड लिंकही होत नाही.

बॅकअप घेताना तर जिवावर बेतू शकतं. 'आरसिंक'ला (कॉपी करणाऱ्या साधनाला) '-एक्स' दिलेला असेल तर तो हद्द ओलांडत नाही. '/डेटा'चा बॅकअप रोज रात्री बिनचूक, एकही एरर न देता होतो, आणि त्यात चार रिकामे फोल्डर असतात. हे मी एका ओळखीच्या छापखान्यात स्वतः पाहिलं आहे, डिस्क गेल्यानंतर. बॅकअपमध्येही प्रत्येक पोटफाइलसिस्टिमचं नाव वेगळं लिहा, आणि महिन्यातून एकदा तिथली एखादी फाइल खरोखर परत आणून उघडून पाहा.

सातवी पायरी: मुद्दाम बिघडवून पाहा

हे सगळं लावल्यावर आम्ही गणपतीच्या सुट्टीची वाट पाहिली. कारखाना बंद, मी आणि तपासणीतला तोच पोरगा दोघंच. आधी चांगल्या स्थितीत प्रत्येक क्लायंटवरून प्रत्येक पोटफाइलसिस्टिममध्ये मशिनीच्या नावाची एकेक फाइल केली आणि सर्व्हरवर ती योग्य जागी, योग्य मालकाच्या नावानं पोचली का ते पाहिलं. मग तपासणीचा एक्सपोर्ट काढून डिस्क अनमाउंट केली, 'एक्सपोर्टएफएस -आरए' दिली आणि पुन्हा प्रत्येक मशिनीवरून तिथं लिहायचा प्रयत्न केला. अपेक्षा एकच होती, प्रत्येक ठिकाणी नकार मिळाला पाहिजे. उबुंटूवर 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' आलं. मापयंत्राच्या जुन्या संगणकावर 'स्टेल फाइल हँडल' (जुनी खूण आता चालत नाही) आलं. विंडोजवर परवानगी नाकारली, ते 'सीएचएटीटीआर'चं काम.

डिस्क परत माउंट केली, एक्सपोर्ट पुन्हा लावले. नव्या मशिनी आपोआप रुळावर आल्या. जुन्या संगणकावर हातानं अनमाउंट करून पुन्हा माउंट करावं लागलं. त्या दोन ओळींच्या कमांडी पोरानं स्वतःच्या हातानं एका कागदावर लिहिल्या आणि तो कागद मापयंत्राच्या टेबलावर काचेखाली सरकवला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "फोल्डर रिकामा दिसला तर काही सेव्ह करू नका, आधी फोन करा." खाली तेच वाक्य कन्नडमध्ये, दुसऱ्या पाळीतल्या अण्णांसाठी.

यंदाच्या जूनमध्ये पहिल्याच वादळात वीज दोनदा गेली, आणि सकाळी सातच्या आधी अण्णांचा फोन आला.

"फोल्डर रिकामा हाय. काय बी केलं न्हाई. या."